वादळाचा माइक बंद असतो

माझ्या सासूबाई गेम खेळतात. हे मी कुठेही सांगितलं की समोरची बाई गोड हसते आणि म्हणते, "हो का? त्या रंगीत गोळ्या फोडायचा ना? माझी आईपण खेळते." मग मला सांगावं लागतं की बाई गं, गोळ्या नाहीत, किल्ला. चौघांनी मिळून समोरच्या चौघांचा किल्ला घ्यायचा. घोडे, तोफा, शिड्या, धूर, सगळं. आणि चौघांच्या टोळीची म्होरकी कोण, तर आमच्या ह्या. टोळीचं नाव 'उपाशी वाघ'. ह्यांचं नाव 'वादळ'. इथवर आलं की समोरची बाई हसायची थांबते आणि घाईघाईने निघून जाते.

सासूबाई आयुष्यभर शाळेत खेळाच्या बाई होत्या. त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं की फाटकाबाहेरचा आइस्क्रीमवालासुद्धा ताठ व्हायचा म्हणतात. मग निवृत्त झाल्या आणि घरात आल्या. घरात माणसं किती, तर मी, सासरे आणि फिरतीच्या नोकरीमुळे पाहुण्यासारखा येणारा माझा नवरा. हुकूम गाजवायचा कुणावर? मी सकाळीच ऑफिसला पळणारी. आणि सासरे म्हणजे देवमाणूस, सांगायच्या आधीच ऐकणारे. चप्पल नीट ठेवा म्हणायला तोंड उघडावं, तर चप्पल आधीच भिंतीला लागून सरळ. असल्या माणसाशी बोलायचं तरी काय? त्यामुळे दोघांचं बोलणं आटत आटत "मीठ द्या" आणि "घ्या" एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं हो, भांडण असतं तर बरं झालं असतं.

असं असताना कॉम्प्युटर सापडला. माझ्या नवऱ्याचा जुना, जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला. सासूबाईंनी तो पुसला, चालू केला, आणि तिथून त्यांचं पाऊल मागे पडलं नाही. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, गळ्यात अजूनही शिट्टी. वाजवत नाहीत, पण असते. आणि दोन्ही हातांनी टकाटक टाइप करून त्या तीन अनोळखी लोकांची सालटी काढायच्या. 'चिमटा, शिडी लावायला सांगितली होती की तिच्यावर झोपायला?' 'लोडशेडिंग, ऐन वेळी गायब! तुझं नेट आहे की लपाछपी?' आणि सगळ्यात जास्त बोलणी कुणाला, तर 'फुलपाखरू' नावाच्या एका गड्याला. हा प्राणी घोड्यावरून पडायचा. तोफेच्या पुढे जाऊन उभा राहायचा, आपल्याच तोफेच्या. एकदा मी वाचलं, 'फुलपाखरू, तू आपल्या बाजूने आहेस हे तुला कुणी सांगितलंय का?' मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. सासूबाई टाइप करायच्या ते 'मी आलो', 'मी बघतो', 'मी सांगितलं होतं ना'. मी विचारलं, "आई, हे आलो काय?"

"त्यांना वाटतं मी कुणी पंचविशीतला धटिंगण आहे. वादळदादा म्हणतात मला. वाटू दे की."

माइक त्यांनी कधीच चालू केला नाही. टोळीतल्या लोकांना सांगून टाकलं होतं, वादळाचा माइक बंद असतो. मग इतरांनीही बंद ठेवले. सगळा कारभार टाइप करून.

आता पैशांचं. सासूबाईंचा बाणा एकच, खेळायला पैसे द्यायचे नाहीत. हा किल्ल्याचा खेळ फुकट होता, पण त्यातली सजावट विकत. बाकीचे खेळ त्या कुठल्या कुठल्या साइटवरून कुलूप तोडलेले आणायच्या. मी म्हणायचे, आई, ही चोरी आहे. त्या म्हणायच्या, "एका खेळाची किंमत बघितलीस? त्यात आपल्या तिघांच्या चपला येतील. मग पेन्शनवाल्यांनी खेळायचं नाही का?" आणि वर जोडायच्या, "वाचनालयातून पुस्तक आणतोच ना आपण?" वाचनालय वर्गणी घेतं, असं मी म्हटलं की त्यांना एकदम ऐकू येईनासं व्हायचं.

ह्या तोडलेल्या खेळांचा एक विधी असतो. सोबत एक सूचना येते, आणि तिचं पहिलं कलम ठरलेलं, आधी अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे बघा, घरात शिरणारा पाहुणा म्हणतो, मी येतो, फक्त तुमच्या वॉचमनला जरा झोपवा. जगातला कुठलाही शहाणा माणूस इथे दार लावून घेईल. पण ह्या लोकांना त्याची इतकी सवय झालेली असते, की वॉचमन झोपवायला सांगितलं नाही तरच त्यांना संशय येतो! सासूबाई तर बटण दाबताना प्रेमाने म्हणायच्या, "जरा डोळे मिट रे बाबा, घरचेच लोक येतायत."

तर सासूबाईंचा वाढदिवस आला. खेळात एक सोनेरी घोडा होता. धावायला इतरांसारखाच, फक्त आयाळ चमकायची आणि किंमत वाचून घाम फुटायचा. सासूबाईंनी कधीतरी टोळीत लिहिलं होतं की घोडा असावा तर असा. वाढदिवसाच्या संध्याकाळी फुलपाखरूचा निरोप आला. 'दादा, वाढदिवसाची भेट. ही फाइल चालवा, सगळे घोडे फुकट मिळतात.' खाली फाइल, खाली सूचना. कलम पहिलं, तेच.

सासूबाई हरखल्या. "बघ, एवढी बोलणी खातो, पण जीव आहे पोराचा माझ्यावर." वॉचमन झोपवला. फाइल चालवली. घोडा काही आला नाही. एक काळी चौकट उघडली, मिटली, बस. "बिघडलेली दिसते," म्हणाल्या आणि जेवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी मी दात घासत होते तर कोपऱ्यातून हाक आली. "अगं, हा मला आत घेत नाहीये." पासवर्ड चुकीचा. परत टाकला, चुकीचा. ईमेलचाही चुकीचा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या ऑफिसात दर वर्षी सायबर सुरक्षेचं व्याख्यान असतं आणि मी दर वर्षी मागच्या रांगेत डुलक्या काढते, पण त्या क्षणी सगळं व्याख्यान आठवलं. "आई! पेन्शन!" मी तोंडात फेस घेऊन किंचाळले. धावत जाऊन माझ्या फोनवरून त्यांच्या बँकेचा पासवर्ड बदलला. पैसे जागच्या जागी होते, जीव भांड्यात पडला. मग कळलं की बाईंनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला होता, शाळेचं नाव, पुढे एक दोन तीन. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि हातातल्या ब्रशने चष्म्याला पेस्ट लागली.

मला वाटलं, चला, बँक वाचली, सुटलो. पण सासूबाई खुर्चीत तशाच बसून. "आणि वादळ?" म्हणाल्या. इतक्या हळू की मला आधी कळलंच नाही.

वादळ चोराकडे होतं. मी त्यांना नवीन खातं उघडून दिलं, 'खरं वादळ' नावाचं, आणि चिमट्याला निरोप पाठवला. चिमटा वैतागलेलाच होता. त्याने टोळीतलं बोलणं पाठवलं. वाचून मी जमिनीवर बसले. चोराने लिहिलं होतं, 'प्रिय मित्रांनो, मी आशा करतो की हा संदेश तुम्हाला चांगल्या आरोग्यात सापडेल. मी एका अडचणीत पडलेला आहे. कृपया दयाळूपणे मला भेटकार्डांचे क्रमांक पाठवावेत.' यंत्राने भाषांतर केलेलं, दुसरं काय! आणि त्याखाली लोडशेडिंगचं उत्तर. 'दादा, तुम्ही कृपया म्हणालात! मला भरून आलं!'

हसावं की रडावं? मी हसले. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि ते फुलपाखरू! मी त्याला सोडणार नाही. परत हातात येऊ दे सगळं, पहिलं त्याला टोळीतून हाकलते."

मागे काहीतरी पडलं. सासऱ्यांच्या हातातला पाण्याचा पेला. बिचाऱ्यांनी मुकाट्याने फरशी पुसली.

खेळाच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, की ईमेलही बदललेला असल्यामुळे खातं कुणाचं ते टोळीच ठरवील. टोळीतल्या तिन्ही गड्यांनी रविवारच्या आत तुमच्या बाजूने साक्ष दिली तर खातं परत, नाहीतर कायमचं बंद. झालं! आता तिघांना पटवायचं. पण चिमटा पूर्वी एकदा फसलेला. तो म्हणाला, 'खरा मी, खरा मी, असं दोघंही म्हणताय. शनिवारी संध्याकाळी दोघांनी माइकवर या आणि बोला. आणि फुलपाखरू, फाइल तू पाठवलीस, तू चोराचा साथीदार नाहीस कशावरून? तूपण बोलायचंस. नाही बोललास तर टोळीबाहेर.'

आणि फुलपाखरू बाहेर गेलं तर तिसरी साक्ष कुठून आणणार? म्हणजे सगळंच अडकलं.

हे वाचून सासूबाई उठल्या आणि कपाट आवरायला लागल्या. आवरलेलंच कपाट. मी मागे गेले. "आई, सोपं आहे की. बोलायचं. तुमचा आवाज तर शेजारच्या गल्लीत जातो."

"राहू दे. गेलं तर गेलं खातं."

"असं कसं गेलं तर गेलं? इतकी वर्षं घालवलीत त्यात!" माझा आवाज चढला. चढतोच माझा. "शाळाभर मुलांना सांगत फिरलात, मैदान सोडून पळायचं नाही, आणि आता स्वतः घड्या घालत बसलाय!"

त्यांनी हातातली चादर ठेवली. "अगं, बाहेर पाऊल टाकलं की मी आजी. भाजीवाला आजी म्हणतो, रिक्षावाला आजी म्हणतो, परवा डॉक्टरांनी मला सोडून तुलाच विचारलं, आजींना कुठे दुखतंय. तिथे मला कुणी आजी म्हणत नाही. वादळ म्हणतात. आणि टरकून असतात. तोंड उघडलं की ते संपलं."

मी ती चादर उचलली आणि परत घडी घातली. वाईट घातली, त्यांनी ती मोडून पुन्हा घातली.

शनिवारी संध्याकाळी सासरे रोजच्यासारखे गच्चीवर गेले. फोन घेऊन जातात, म्हणतात फेऱ्या मोजायला. मी भांडी विसळत होते आणि ठरवलं होतं, आपण काही बोलायचं नाही. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई जाऊन बसल्या होत्या. कानाला हेडफोन लावले, आणि मला म्हणाल्या, "मला आवाज नीट येत नाही ह्यातून, स्पीकर लाव. आणि तू इथेच थांब."

चिमटा आला. पोरगेलासा आवाज. लोडशेडिंग आला, गेला, परत आला. मुलगी निघाली ती! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. फुलपाखरू आलेलं दिसत होतं, पण गप्प. चोरही आला आणि त्याने टाइप केलं, 'माझा ध्वनिग्राहक आजारी आहे.'

"खरं वादळ, तू बोल," चिमटा म्हणाला.

सासूबाईंची दातखीळ बसली. बोट माइकच्या बटणावर, पण दाबवेना. मी मनात म्हणतेय, बोला, बोला, बोला. चिमटा म्हणाला, "बघा, हाही बोलत नाही." चोराला चेव आला. त्याने लिहिलं, 'प्रिय वाघांनो, मी तुमच्या प्रत्येकावर प्रेम करतो. तुम्ही सर्व उत्कृष्ट खेळाडू आहात.'

उत्कृष्ट! हे मात्र सहन होण्यापलीकडचं होतं.

"उत्कृष्ट?" सासूबाई बटण दाबून कडाडल्या. "हे? चिमटा, गेल्या आठवड्यात दार उघडं टाकून कोण पळालं? लोडशेडिंग, हसू नकोस, तुझी तर हजेरीच लागत नाही! शिस्त नाही, ताळतंत्र नाही, आणि हा भामटा म्हणतो उत्कृष्ट! सगळे उठा. उठा म्हणते ना! साऽवधान!"

आणि हे सगळं मला दोनदा ऐकू आलं. एकदा समोर, आणि एकदा किंचित मागून, वरून, जिन्यातून. "...साऽवधान!"

स्पीकरवर लोडशेडिंग किंचाळत होती. "हाच! हाच तो आवाज! मी इतकी वर्षं वादळदादाचं वाचताना मनात ह्याच आवाजात वाचते! आई शप्पथ, मी उभी राहिलेय!" चिमटा म्हणाला, "मीपण." पण माझं तिकडे लक्ष कुठे होतं? मी ओले हात तसेच घेऊन जिना चढले.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, सासरे सावधान उभे होते. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, फोन छातीशी धरलेला, स्पीकर चालू. पडद्यावर एक फुलपाखरू फडफडत होतं.

"बाबा!"

फोनमधून सासूबाई गरजत होत्या, "आणि फुलपाखरू कुठेय? बोल की! सगळी करणी तुझी!"

"बाबा, बोला. तुम्ही नाही बोललात तर आईंचं खातं जाईल."

त्यांनी मान हलवली. चेहरा पांढराफटक. "ती मला हाकलेल."

"कुठून? घरातून?"

"टोळीतून," ते म्हणाले.

मला हसू आवरेना आणि डोळ्यात पाणी, दोन्ही एकदम. मी नुसते हात जोडले. त्यांनी एकदा जिन्याकडे बघितलं, फोन तोंडाजवळ नेला, आणि बटण दाबलं.

"मी आहे," ते म्हणाले.

खाली खुर्ची करकरली. फोनमध्येही.

"अहो?" शेवटी आवाज आला. एवढासा.

"हो. पहिल्यापासून मीच. तुझ्या पडद्यावर 'वादळ' हे नाव बघितलं होतं. घरात तू बोलत नाहीस, तिथे बोलतेस. रोज माझं नाव घेतेस. मला जेवण जातं मग." सासरे एका दमात इतकं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "घोडा विकत घ्यायला हवा होता मी. पैसे होते गं. किंमत बघून हात धजला नाही, म्हटलं फुकट मिळतोय तर... चुकलंच माझं. साक्ष देतो मी आत्ताच. मग हाकल हवं तर."

"काका," चिमटा घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघं एकाच घरात?"

"एकाच घरात कसले," सासूबाई म्हणाल्या. आवाज पुन्हा चढत होता. "हा माणूस इतकी वर्षं माझ्या डोक्यावर उभा राहून माझ्याच तोफेसमोर मरतोय! अहो, परवा डावी बाजू का सोडलीत?"

"सूनबाईने जेवायला हाक मारली."

लोडशेडिंग हसत सुटली, हसता हसता तिचं नेट गेलं, परत आली तरी हसतच. तिने साक्ष दिली, चिमट्याने दिली. बटण माझ्याकडून दाखवून घेऊन सासऱ्यांनीही दिली. चोराने लिहिलं, 'प्रिय मित्रांनो, मी गोंधळलेला आहे.' चिमट्याने त्याला आपण उघडलेल्या बोलण्याच्या खोलीतून बाहेर काढलं.

आणि मग चिमट्याने ते विचारलंच. मनात काही नसेल त्याच्या, चांगला मुलगा आहे. "बरं, मग आता तुम्हाला दादा तर म्हणता येणार नाही. आजी म्हटलं तर चालेल ना?"

खाली सासूबाईंचा चेहरा कसा झाला असेल, ते मला वरूनच कळत होतं. मी जिन्याकडे वळले, धावत खाली जावं म्हणून.

"आजीबिजी काही नाही!"

मी दचकून मागे बघितलं. सासरे होते. तेच, आमचे देवमाणूस, चप्पल सरळ ठेवणारे. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाईसुद्धा थबकली होती.

"वादळ म्हणायचं," सासरे ओरडले. "कळलं का सगळ्यांना? वादळ!"

मग शिट्टी वाजली, अस्सल, कान फाटतील अशी, एकदा फोनमधून आणि एकदा जिन्यातून.

"ऐकलंत ना? मग उभे काय राहिलात," सासूबाई म्हणाल्या. "चला, घोड्यावर बसा. आणि फुलपाखरू, खाली ये. इथे माझ्या शेजारी बसून खेळ."